चालक प्रथिने आणि अंडपेशीची घडण



मराठी विषय घेऊन एम. ए. झालेल्या बाईने जीवशास्त्रावर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना धाडसाचे वाटेल. मलाही ते तसेच वाटते. माझा अधिकार एवढाच की गेली काही वर्षे पेशीविज्ञानावरील इंग्रजी पुस्तके मी मराठीत आणीत आहे आणि अनुवादकाला इतर वाचकांपेक्षा फार सावकाश वाचावे लागते. एखादा शब्द नीट कळला नाही तर वाचक तो ओलांडून पुढे जाऊ शकतो. अनुवादकाला तशी सवड नसते. अशा सावकाश वाचनात जे हाती लागले त्यातील एक प्रकरण आज आपल्यापुढे ठेवावे, असा माझा विचार आहे. सस्तन प्राण्यांच्या मादीचा अंडाशय घडत असताना त्यात जी ‘चालक प्रथिने’ काम करतात, त्यांचे हे प्रकरण आहे. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, केवळ मराठी ऐकायला मिळेल म्हणून आपण येथे जमला आहात. तेव्हा आरंभ शब्दापासूनच करणे उचित होईल.

इंग्रजीत या प्रथिनांना ‘मोटर प्रोटीन’ म्हणतात. आपल्या शालेय पाठ्यपुस्तकांत मेंदूकडून स्नायूंकडे आज्ञा नेणाऱ्या पेशीला ‘प्रेरक चेतापेशी’ म्हटलेले असते आणि तिच्या इंग्रजी नावात हाच ‘मोटर’ शब्द आहे. म्हणून पहिल्या खर्ड्यात मी बिनदिक्कत ‘प्रेरक प्रथिने’ असे लिहून टाकले. हस्तलिखित तपासणाऱ्या तज्ज्ञांनी त्या शब्दाखाली रेघ मारून समासात लिहिले, ‘ही प्रेरणा देत नाहीत, स्वतः चालतात.’ तेव्हा मी ‘वाहक’ हा शब्द सुचविला. परंतु रक्तातील प्राणवायू नेणाऱ्या प्रथिनालाही आपण वाहकच म्हणतो आणि ते स्वतः पाऊलभरही चालत नाही. रक्ताच्या प्रवाहाबरोबर ते वाहत जाते. एस. टी.च्या गाडीत चालक आणि वाहक ही दोन वेगळी माणसे असतात. येथे दोघांचे काम एकच रेणू करतो, आणि गाडीही तोच असतो. अखेर ‘चालक’ हा शब्द ठरला. तो निर्दोष आहे असा माझा दावा नाही, पण चालणे हा या प्रथिनांचा धर्म त्यात आला आहे.

आता हे चालणे म्हणजे काय ते पाहू. पेशी म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी, असे चित्र आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात शाळेपासून असते. ते खरे नाही. पेशीच्या आत दोन प्रकारच्या वाटांचे जाळे पसरलेले असते. एक वाट सूक्ष्मनलिकांची. या नळीसारख्या पोकळ असून त्यांची जाडी सुमारे २५ नॅनोमीटर असते. आणि एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. दुसरी वाट ॲक्टिन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंची. हे तंतू त्याहूनही बारीक असतात. या वाटांवरून पिशव्या, कणिका, प्रथिनांचे गठ्ठे, कधी कधी तर संपूर्ण केंद्रक इकडून तिकडे नेले जाते, आणि नेण्याचे हे काम चालक प्रथिने करतात.

त्यांची घराणी तीन. सर्वांत आधी माहीत झाले ते मायोसिन. जर्मन शरीरशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म क्यूने यांनी १८६४ मध्ये स्नायूंतून काढलेल्या द्रव्याला हे नाव दिले. १९३९ मध्ये रशियात एंगेलहार्ट आणि ल्युबिमोव्हा यांनी दाखविले की एटीपी हा जो पेशीचा इंधनरेणू आहे, त्याचे विघटन मायोसिन स्वतःच घडवून आणते. दुसरे घराणे डायनीनचे. पक्ष्माभिकांच्या, म्हणजे काही पेशींच्या पृष्ठावरील हलणाऱ्या केसांच्या हालचालीमागील हे प्रथिन इयन गिबन्स यांनी शोधले आणि १९६५ मध्ये त्याला नाव दिले. तिसरे कायनेसिन. १९८५ मध्ये अमेरिकेतील वुड्स होल येथे व्हेल, रीझ आणि शीट्झ यांनी माकुळाच्या जाडजूड चेतातंतूंतील द्रव्याचा अभ्यास करताना ते वेगळे काढले. ‘हालणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून हे नाव आले आहे. आपला रोजचा ‘सिनेमा’ हा शब्दही त्याच कुळातला.

कायनेसिनाला दोन पाय असतात असे म्हटले तर ते निव्वळ अलंकारिक होणार नाही. एक पाय सूक्ष्मनलिकेवर रोवलेला असताना दुसरा पुढे येतो, मग तो रोवला जातो आणि मागचा सुटतो. एक पाऊल आठ नॅनोमीटरचे, आणि प्रत्येक पावलाला एटीपीचा एक रेणू खर्ची पडतो. सेकंदाला शंभराच्या आसपास पावले पडतात. या हिशेबाने एक मिलिमीटर चालायला सव्वा लाख पावले आणि सुमारे वीस मिनिटे लागतील. सूक्ष्मनलिकेला दोन टोके असतात आणि ती सारखी नसतात. बहुतेक कायनेसिने एका टोकाकडे, म्हणजे साधारणपणे पेशीच्या मध्याकडून परिघाकडे जातात; डायनीन उलट दिशेने, मध्याकडे येते. काही थोडी कायनेसिने मात्र डायनीनच्याच दिशेने चालतात. त्यांपैकी एक पुढे आपल्याला फार महत्त्वाचे ठरणार आहे.

उंदीर आणि मनुष्य यांच्या ठायी कायनेसिनाची जनुके पंचेचाळीस आहेत. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत ही सर्व जनुके असतात, परंतु प्रत्येक पेशी ती सर्व वापरीत नाही. कोणत्या पेशीने कोणत्या वेळी कोणते जनुक वाचले आणि त्यावरून किती प्रथिन घडविले, याला जीवशास्त्रात ‘अभिव्यक्ती’ म्हणतात. साहित्याच्या विद्यार्थिनीला हा शब्द अशा ठिकाणी भेटल्यावर प्रथम हसू आले. पुढे वाटले, निवड चुकीची नाही. शब्दकोश सर्वांच्या घरी एकच असतो. कोणी त्यातून काय उचलले यावर लिहिणाऱ्याची ओळख ठरते. पेशीचेही तसेच आहे. चेतापेशीने एक संच उचलला, अंडपेशीने दुसरा. हा संच कोणता, हे शोधण्यासाठी एकेका प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे चमकदार रंगात बुडवून पेशीवर सोडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. किंवा जनुक वाचले गेल्याची खूण असलेला संदेशवाहक आरएनए मोजतात. अंडाशयात आज अमुक चालक आहे, उद्या नाही, हे अशा रीतीने कळते. आणि तो नसेल तर काय बिघडते हे पाहायचे असेल, तर ते जनुक काढून टाकलेले उंदीर वाढवितात.

आता अंडाशयाकडे वळू. डच वैद्य रेनियर द ग्राफ यांनी १६७२ मध्ये अंडाशयातील पुटकांचे वर्णन केले. त्यांना ती पुटके म्हणजेच अंडी वाटली. खरी अंडपेशी त्या पुटकाच्या आत असते, हे कार्ल एर्न्स्ट फॉन बेअर यांनी १८२७ मध्ये कुत्रीच्या अंडाशयात पाहिले. परंतु याहून विलक्षण गोष्ट काळाची आहे. पुरुषाच्या शरीरात शुक्रपेशी वयात आल्यापासून सतत निर्माण होत राहतात. स्त्रीच्या अंडपेशींची घडण मात्र तिच्या जन्माच्या आधीच, ती आईच्या गर्भात असताना सुरू होते. गर्भाच्या पाचव्या महिन्याच्या सुमारास मुलीच्या दोन्ही अंडाशयांत मिळून सुमारे सत्तर लाख जननपेशी असतात. जन्माच्या वेळी त्यांतील दहा ते वीस लाख उरतात, वयात येताना तीन-चार लाख, आणि सबंध आयुष्यात पक्व होऊन बाहेर पडतात त्या जेमतेम चारशे-पाचशे.

या गणिताचा एक अर्थ मला बऱ्याच दिवसांनी लक्षात आला. ज्या अंडपेशीपासून मी झाले, ती माझ्या आईच्या अंडाशयात आली तेव्हा आई माझ्या आजीच्या पोटात होती. पहिल्या खेपेचे बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडे रीत आहे; माझे पहिले माहेर आजीच्या गर्भापर्यंत मागे जाते, हे मला शास्त्राने सांगितले.

येथेच एका चुकीची कबुली देणे भाग आहे. मूळ पुस्तकात असे एक वाक्य होते की, घडण सुरू झालेली अंडपेशी अर्ध्या वाटेवर थांबते आणि वर्षानुवर्षे वाट पाहते. मी लिहिले, ‘अंडपेशी वर्षानुवर्षे निष्क्रिय पडून राहते.’ तज्ज्ञांची तांबडी रेघ याही वाक्याखाली आली. या वेळी समासात एकच शब्द होता: ‘निष्क्रिय?’ मूळ लेखकाने तसे म्हटले नव्हते. ‘वाट पाहणे’ या शब्दांतून मी स्वतःच्या पदरचे ‘निष्क्रिय’ काढले होते. ते कोठून आले, याचा विचार करताना जे वाचले ते आता सांगते.

उंदरीण सुमारे वीस दिवस गाभण असते. गर्भाच्या दहाव्या-अकराव्या दिवसाच्या सुमारास आद्य जननपेशी भावी अंडाशयाच्या जागी येऊन पोहोचतात. तेथे त्या विभागू लागतात, परंतु हे विभाजन पुरते होत नाही. दोन पेशींमध्ये एक अरुंद मार्ग मोकळा राहतो. अशा रीतीने जोडलेल्या बहिणी-बहिणींचा एक पुंजका बनतो. पुढे जन्माच्या आगेमागे हे पुंजके फुटतात आणि एकेकटी अंडपेशी आपापल्या पुटकात जाते. या अवधीत बहुसंख्य पेशी मरतात. सुमारे पाचांत एक जगते. हा नाश कशासाठी, हे कोडे बराच काळ होते. सदोष पेशी गाळल्या जात असाव्यात, असा एक तर्क होता.

२०१६ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथील कार्नेगी संस्थेत लेई लेई आणि ॲलन स्प्रॅडलिंग यांनी याचे एक निराळे उत्तर दिले. पुंजक्यातील काही पेशी आपल्या तंतुकणिका, आपले गॉल्जी पिंड आणि इतर सामग्री त्या मोकळ्या मार्गांतून शेजारच्या बहिणीला देत होत्या. घेणाऱ्या पेशीत केंद्रकालगत या सामग्रीचा एक गोळा जमतो. त्याला बाल्बियानी पिंड म्हणतात. घेणारी अंडपेशी होते, देणाऱ्या संपतात. सूक्ष्मनलिकांवरील वाहतुकीला अडथळा करणारी द्रव्ये अत्यल्प प्रमाणात दिली, तेव्हा सामग्रीचे हे स्थलांतर थांबले, बाल्बियानी पिंड बनला नाही आणि अंडपेशी कोण व्हायची हेही ठरेनासे झाले. फळमाशीत हे पूर्वीपासून माहीत होते. तिच्या पुंजक्यात सोळा पेशी असतात. पंधरा दाईचे काम करतात, एक अंडपेशी होते, आणि डायनीन नसेल तर ती एक ठरतच नाही. मनुष्यासह सर्व सस्तन प्राणी या बाबतीत वेगळे असावेत अशी समजूत होती. निदान उंदराच्या बाबतीत ती टिकली नाही.

म्हणजे जन्मापूर्वीच्या त्या दिवसांत अंडाशयात अहोरात्र ने-आण चाललेली असते. दाई-पेशींच्या घरातील भांडीकुंडी एकेक करून अंडपेशीच्या घरी पोहोचविली जातात, आणि ती उचलून नेणारे हमाल म्हणजे चालक प्रथिने. जी पेशी एवढ्या बहिणींचे देणे अंगावर घेऊन उभी आहे, तिला मी निष्क्रिय म्हटले होते!

याच काळात दुसरे एक काम चालू असते, आणि ते अधिक नाजूक आहे. अंडपेशीला आपली गुणसूत्रे निम्मी करायची असतात. यासाठी जे अर्धसूत्री विभाजन होते त्याच्या आरंभी आईकडून आलेले गुणसूत्र आणि वडिलांकडून आलेले त्याचे जोडीचे गुणसूत्र यांना एकमेकांना शोधून शेजारी यावे लागते. मनुष्यात अशा तेवीस जोड्या. केंद्रकाच्या आतील दाटीत त्या एकमेकींना कशा शोधतात? उत्तर केंद्रकाच्या बाहेर सापडले. गुणसूत्रांची टोके केंद्रकाच्या आवरणाला आतून चिकटतात. आवरणात ‘सन-१’ आणि ‘कॅश-५’ नावाची दोन प्रथिने साखळीच्या कड्यांसारखी एकमेकांत अडकलेली असतात. आतले कडे गुणसूत्राच्या टोकाला धरते, बाहेरचे डायनीनला. डायनीन बाहेरच्या सूक्ष्मनलिकेवरून चालू लागले की आत गुणसूत्र ओढले जाते. कळसूत्री बाहुल्यांचा खेळ आपण पाहिला असेल. बाहुल्या पडद्यापुढे नाचतात आणि बोटे पडद्यामागे असतात. येथे पडदा केंद्रकाचा, बाहुल्या गुणसूत्रांच्या आणि बोटे डायनीनची. या हिसक्यांमुळे गुणसूत्रे फिरती राहतात, योग्य जोडीदार भेटतात, आणि चुकून अडकलेले सुटतात. सन-१ किंवा कॅश-५ नसलेले उंदीर, नर असोत वा मादी, निर्बीज निपजतात.

जोड्या जमल्यावर त्यांच्यात काही अंशांची देवाणघेवाण होते आणि मग अंडपेशी थांबते. स्त्रीच्या बाबतीत हा थांबा बारा-तेरा वर्षांपासून पन्नास वर्षांपर्यंत कितीही लांबू शकतो. या काळातही अंडपेशी जिवंत राहते, स्वतःची डागडुजी करते, आणि पुटकाची वाढ सुरू झाली की तीही वाढू लागते. भोवतालच्या पेशी आपले बारीक हात तिच्या जाड कवचातून आत घालून तिला पोषण पुरवितात. या हातांच्या बांधणीत मायोसिन-१० या चालकाचा भाग आहे. ते नसलेल्या उंदरिणींत हे हात कमी आढळतात. अखेरीस मनुष्याची अंडपेशी एक दशांश मिलिमीटरहून थोडी मोठी, म्हणजे नजर चांगली असेल तर नुसत्या डोळ्यांनी ठिपक्याएवढी दिसेल इतकी होते.

मग तिसरे आणि अखेरचे काम येते. थांबलेले विभाजन पुन्हा सुरू होते. गुणसूत्रे दोन बाजूंना ओढून नेण्यासाठी सूक्ष्मनलिकांची एक चाती बनते. शास्त्रीय परिभाषेत तिला ‘तर्कू’ म्हणतात. सूत कातण्याच्या टकळीसारखी ती मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती असते. शरीरातील इतर पेशींत तर्कूच्या दोन टोकांना दोन तारककाय असतात आणि ते तर्कूला ताणून धरतात. अंडपेशीत तारककाय नसतात. म्हणजे दोन खुंट्या न ठोकताच तंबू उभारायचा आहे. उंदराच्या अंडपेशीत हे कसे साधते ते मेलिना शू आणि यान एलेनबर्ग यांनी २००७ मध्ये जिवंत अंडपेशींत पाहून दाखविले. ऐंशीहून अधिक लहान लहान केंद्रे एकत्र येतात, आणि कायनेसिन-५ हे चालक सूक्ष्मनलिकांना एकमेकींवरून सरकवून त्यांचे दोन ध्रुव वेगळे करते. पुढे हा तर्कू मध्यभागातून कडेला न्यावा लागतो. कारण हे विभाजन समसमान नसते. जवळजवळ सर्व पेशीद्रव अंडपेशीकडे राहावे आणि नको असलेली गुणसूत्रे एका चिमुकल्या पिंडात बाहेर टाकली जावीत, असे त्याचे स्वरूप असते. हे स्थलांतर ॲक्टिनच्या जाळ्यात होते, आणि ते जाळे हलते ठेवण्यात पिशव्या वाहून नेणारे मायोसिन-५बी हे चालक असते. २०११ मध्ये शू यांनी या पिशव्यांचा बाहेरच्या दिशेने होणारा प्रवास दाखविला.

आता मनुष्याची गोष्ट. उंदराची अंडपेशी आपला तर्कू तीन ते पाच तासांत उभा करते. मनुष्याच्या अंडपेशीला सुमारे सोळा तास लागतात, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत आढळले. इतकेच नव्हे, उभा राहिलेला तर्कू डळमळतो; त्याचे ध्रुव फुटतात, दोनाचे तीन होतात, पुन्हा जुळतात. हे असे का, याचे एक उत्तर २०२२ मध्ये जर्मनीतील ग्योटिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेतून आले. शू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इतर सस्तन प्राण्यांच्या आणि मनुष्याच्या अंडपेशींतील प्रथिनांची तुलना केली. मनुष्याच्या अंडपेशीत एका चालकाची उणीव होती. हे ते उलट दिशेने चालणारे कायनेसिन, ज्याचा उल्लेख मी आरंभी केला. त्याचे नाव ‘केआयएफसी-१’. सूक्ष्मनलिकांना एकमेकींशी बांधून त्यांची टोके ध्रुवाशी एकत्र आणणे हे त्याचे काम. उंदराच्या आणि गाईच्या अंडपेशींतून ते काढून टाकले, तेव्हा त्यांचे तर्कूही माणसासारखे डळमळू लागले. मनुष्याच्या अंडपेशीत ते बाहेरून घातले, तेव्हा तर्कू अधिक स्थिर झाला आणि गुणसूत्रांच्या वाटणीतील चुका कमी झाल्या.

तर्कू डळमळला की चूक होण्याचा संभव वाढतो. एखादे गुणसूत्र या बाजूला जायचे ते त्या बाजूला जाते. वयाबरोबर गुणसूत्रांना एकत्र बांधणारे बंधही सैल होत जातात आणि चुका आणखी वाढतात. एकविसावे गुणसूत्र जास्तीचे आले तर डाऊन संलक्षण असलेले मूल जन्मते. हा संबंध १९५९ मध्ये फ्रान्समध्ये सिद्ध झाला. इतर बहुतेक चुकांत गर्भ टिकतच नाही. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भपात आपोआप होतात, त्यांतील निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांची संख्या किंवा रचना चुकलेली आढळते. आणि संख्येच्या या चुकांपैकी बहुतेकींचा उगम अंडपेशीच्या विभाजनात असतो.

हे वाक्य भाषांतरित करताना माझा हात थांबला. माझी एक मावशी होती. तिचे तीन गर्भ तिसऱ्या महिन्यात गेले. त्या का गेल्या, हे त्या काळी कोणी तपासले नाही. तपासण्याची गरजच वाटली नाही, कारण कारण सर्वांना आधीच ठाऊक होते. कोणी म्हणाले, तिने डोहाळे नीट पाळले नाहीत. कोणी म्हणाले, संध्याकाळी विहिरीवर गेली. कोणी पायगुण काढला, कोणी पूर्वजन्म. मावशीने सोमवार धरले, मग शुक्रवार, मग चतुर्थ्या. पुढे पुढे डोहाळजेवणाला आणि बारशाला तिला बोलावणे येईनासे झाले. आणि आले तरी ओटी भरायची वेळ आली की ती स्वतःच उठून स्वयंपाकघरात जाऊन बसे. लहानपणी मला वाटे, मावशीला स्वयंपाकघर फार आवडते.

गर्भ गेल्यावर बाईकडे बोट दाखविण्याची ही रीत अद्याप गेलेली नाही. फक्त कारणे बदलली आहेत. विहिरीच्या जागी कचेरी आली, पूर्वजन्माच्या जागी उशिरा केलेले लग्न आले. म्हणून हे शास्त्र जेवढे सांगते तेवढे स्पष्ट शब्दांत मराठीत सांगितले पाहिजे. मनुष्याच्या अंडपेशीत या एका चालकाची उणीव आहे, ही उणीव कोणा एका बाईची नाही. ती मनुष्यजातीची आहे. ती व्रताने भरून येत नाही, आणि संध्याकाळी विहिरीवर गेल्याने निर्माण होत नाही. जे गर्भ गुणसूत्रांच्या वाटणीमुळे जातात, त्यांचे जाणे एका दशांश मिलिमीटरच्या पेशीत, आईला दिवस गेल्याचे कळण्याच्याही आधी ठरलेले असते.

याबरोबर एक सावधगिरीही सांगते. प्रयोगशाळेत अंडपेशीत प्रथिन घातले म्हणजे दवाखान्यात उपचार आला, असे समजू नये. त्या दोहोंमध्ये मोठे अंतर आहे, आणि अशा बातम्यांवर आपली दुकाने थाटणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. ज्यांचे गर्भ पुन्हा पुन्हा जातात त्यांनी जाणत्या वैद्याकडून तपासणी करून घ्यावी. कारणे अनेक असतात आणि त्यांतील काहींवर उपाय आहेत. उंदरात जे दिसले ते सगळे जसेच्या तसे मनुष्याला लागू करता येत नाही, हे तर केआयएफसी-१च्या गोष्टीनेच आपल्याला शिकविले.

शेवटी पुन्हा शब्दांकडे येते. ‘निष्क्रिय’ हा शब्द मी पुस्तकातून काढला. त्या जागी ‘अंडपेशी वर्षानुवर्षे थांबून राहते’ एवढेच ठेवले. प्रकरणात ‘दोष’ हा शब्दही काही ठिकाणी आला होता. जेथे मूळ लेखकाला ‘चूक’ म्हणायचे होते तेथे मी ‘चूक’ लिहिले, कारण आपल्या भाषेत दोष हा कोणाला तरी द्यावा लागतो. हे बदल लहान आहेत आणि वाचताना कोणाच्या लक्षातही येणार नाहीत. परंतु पुस्तक छापून आल्यावर त्याची पहिली प्रत मी मावशीच्या धाकट्या जावेला नेऊन दिली. मावशी तेव्हा हयात नव्हती. काकूंनी ते प्रकरण दोन दिवसांत वाचले आणि मला निरोप धाडला, ‘हे तिला कोणी सांगायला हवे होते.’

मित्रहो, सांगायला उशीर झाला, हे खरेच आहे. परंतु ज्यांना अजून सांगता येईल अशा बायका आपल्या प्रत्येकाच्या घरी आहेत.